नौकेचा नांगर : निवड आणि कसोटी

मराठी भाषेत ‘नांगर’ हा एकच शब्द दोन अवजारांसाठी वापरला जातो. एक अवजार शेतकऱ्याच्या बैलजोडीमागे चालते, तर दुसरे नौकेवरून समुद्रात सोडले जाते. शब्दाचे हे साम्य अर्थपूर्ण आहे. दोन्ही अवजारांना जमिनीत शिरावे लागते, दोन्हींना ओढ आडवी मिळावी लागते आणि दोन्हींचे यशापयश फाळाच्या कोनावर अवलंबून असते. शेतातल्या नांगराने माती फोडून पुढे जावयाचे असते. समुद्रातल्या नांगराने मातीत शिरून तेथेच थांबावयाचे असते. ज्याने नांगरणी पाहिली आहे, त्याला फाळ उथळ बसला म्हणजे नांगर कसा वरच्यावर सरकत जातो हे सांगावयास नको. शिडाच्या नौकेवर हाच प्रकार रात्रीच्या अंधारात घडतो आणि त्याची किंमत कधीकधी माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते.

पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील चिखली गावी बसून या विषयाचा विचार करावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. इंद्रायणीकाठचे हे गाव टाळगाव चिखली म्हणून वारकऱ्यांना परिचित आहे. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. समुद्र येथून घाटाखाली, सह्याद्रीच्या पलीकडे राहिला. तथापि नौकेचा नांगर म्हणजे शेवटी पोलादी पत्रा, घडाई, वेल्डिंग, उष्णतेची प्रक्रिया आणि जस्ताचा लेप यांचीच बेरीज होय, आणि ही पाचही कामे या पट्ट्यातील लहानमोठ्या कारखान्यांत रोजची आहेत. शिवाय येथून जवळच दापोडी येथे लष्कराचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. याच अभियंता दलाच्या जवान-अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ या शिडाच्या नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे नौदलाच्या सागर परिक्रमेची कल्पना ज्यांनी रुजविली, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण परिसरातील विंचुर्णी या खेड्यात राहत असत. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हा देशावरच्या माणसाने समुद्राकडे पाठ फिरवावी असे काही नाही. राहिली गोष्ट गावाच्या नावाची. त्याची व्युत्पत्ती काहीही असो, कोकणच्या खाड्यांमधून नांगराची गाठ बहुधा चिखलाशीच पडते.

नांगर सुटला म्हणजे काय होते

नौका बंदरातल्या धक्क्याला बांधलेली असेल तर नांगराचे काम फारसे पडत नाही. परंतु आपल्या किनाऱ्यावर धक्के मोजके आहेत. हर्णैसारख्या गजबजलेल्या मासळी बंदरातही नौका किनाऱ्यापासून दूर नांगरून ठेवण्याची आणि मासळी लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून किनाऱ्यावर आणण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. सफरीवर निघालेल्या शिडाच्या नौकेला तर बहुतेक रात्री एखाद्या उपसागरात किंवा खाडीच्या मुखाशी नांगरावरच काढाव्या लागतात. माणसे झोपलेली असतात आणि त्यांच्या व खडकाच्या दरम्यान पंधरा-वीस किलोचे एक लोखंडी अवजार व एक साखळी एवढाच आधार असतो.

मोठ्या जहाजांनाही हा आधार नेहमी पुरतोच असे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले, त्या वेळी रत्नागिरीजवळ नांगरून असलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज नांगराचा आधार सुटल्याने वाहत जाऊन मिऱ्या किनाऱ्यावर लागले. त्यावरील खलाशी सुखरूप वाचले, पण जहाज मात्र पुढे कित्येक वर्षे तेथेच अडकून राहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळात मुंबईपलीकडील तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ या निवासी तराफ्याचे नांगर टिकले नाहीत. तो भरकटला आणि १७ मे २०२१ रोजी बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदल व तटरक्षक दलाने वाचविले. ही दोन्ही उदाहरणे लहान शिडाच्या नौकेची नाहीत हे खरे, आणि चक्रीवादळाची पूर्वसूचना मिळाल्यावर नांगरावर विसंबून उघड्यावर राहू नये हाच त्यातला पहिला बोध आहे. परंतु चक्रीवादळाखेरीज येणाऱ्या नेहमीच्या वाऱ्यावादळात नांगर टिकतो की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी निवडीवर ठरते.

वजनाविषयीचा गैरसमज

जड नांगर म्हणजे चांगला नांगर, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट आहे. लहान नौकांसंबंधी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित तक्त्याप्रमाणे ४० फूट लांबीच्या नौकेवर ताशी ३० नॉट, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात नांगरावर सुमारे १,२०० पौंड, म्हणजे ५४० किलोंच्या आसपास ओढ धरावी लागते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे हाच वारा ४२ नॉटवर गेला की ओढ दुप्पट होते, आणि ६० नॉटवर गेला की चौपट. आता वीस किलोचा नांगर केवळ स्वतःच्या वजनाने पाचशे किलोंची ओढ कशी थोपविणार? वजन उपयोगी पडते ते पहिल्या क्षणी, टोक तळात रुतविण्यासाठी. त्यानंतरचे सारे काम फाळाचे क्षेत्रफळ, त्याचा कोन आणि तळाची माती यांचे असते.

प्राचीन नाविकांनाही हे ठाऊक होते असे दिसते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग परिसरात दगडी नांगरांचा शोध घेऊन त्यांची नोंद केली आहे. अरबी समुद्रातील व्यापारात प्रचलित असलेल्या या प्रकारच्या नांगरात लांबट घडीव दगडाच्या वरच्या टोकाला दोर ओवण्यासाठी गोल छिद्र असते आणि खालच्या अंगाला परस्परांशी काटकोनात असलेली दोन चौकोनी छिद्रे असतात. त्या छिद्रांत लाकडी दांडे बसविले जात, ते तळात रुतावेत म्हणून. वजन दगडाचे आणि पकड लाकडाची, अशी ही विभागणी होती.

आकारांची परंपरा

चित्रांतून आणि नौदलाच्या बोधचिन्हांतून आपल्याला परिचित असलेला नांगर म्हणजे दोन वक्र भुजा आणि वरच्या बाजूला आडवी दांडी असलेला. ही दांडी नांगराला कुशीवर पडू देत नाही, त्यामुळे एक भुजा खाली वळून तळात घुसते. खडकाळ आणि शेवाळलेल्या तळावर हा प्रकार आजही उत्तम. पण त्याची पाती लहान असल्याने मऊ चिखलात तो चाकूसारखा चिरत जातो, आणि वर राहिलेल्या दुसऱ्या भुजेला साखळीचा विळखा पडून नांगर उखडण्याचा धोका असतो. आपल्या किनाऱ्यावरील होड्यांवर दिसणारा चार आकड्यांचा लहान नांगरही याच जातीचा. दगडांच्या सांदीत तो चांगला अडकतो, रेतीत किंवा गाळात त्याचा भरवसा धरू नये.

आधुनिक नांगराचा इतिहास मात्र शेतातल्या नांगरापासूनच सुरू होतो, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष रुचावी. केंब्रिजचे प्रसिद्ध गणिती आणि पदार्थवैज्ञानिक जी. आय. टेलर यांना शिडाच्या नौकेतून सफरी करण्याचा छंद होता. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी हलका पण घट्ट धरणारा नांगर हवा, या प्रश्नाचा विचार करून त्यांनी १९३३ मध्ये दोन फाळ पाठीला पाठ लावून जोडावेत तशा आकाराचा नांगर तयार केला. दांडा आणि फाळ यांच्यामध्ये त्यांनी सांधा ठेवला, म्हणजे नौका थोडी वळली तरी फाळ जागचा हलू नये. ‘सी.क्यू.आर.’ या अक्षरांनी तो ओळखला जाऊ लागला. ती अक्षरे भरभर उच्चारली की इंग्रजीतील ‘सुरक्षित’ या अर्थाचा शब्द कानी पडतो. इंग्रजीत या जातीला सरळ ‘नांगरी’ नांगरच म्हणतात. पुढील पन्नास वर्षे जगभरच्या सफरी नौकांवर त्याचेच राज्य होते. त्याच्यासाठी जुन्या नाविकांचा ठोकताळा होता, नौकेच्या लांबीच्या दर फुटाला एक पौंड. म्हणजे ३५ फुटी नौकेला ३५ पौंडांचा, सुमारे १६ किलोंचा नांगर.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड डॅनफोर्थ यांचा नांगर आला. सैन्य किनाऱ्यावर उतरविणाऱ्या नौकांना पुन्हा पाण्यात ओढून घेण्यासाठी तो वापरला गेला. दोन रुंद, चपटी, हलणारी पाती हे त्याचे वैशिष्ट्य होय. वजनाच्या मानाने त्याची पकड रेतीत व चिखलात फार मोठी. १९७० नंतर उत्तर समुद्रातील तेलविहिरींच्या अनुभवातून ब्रूस नांगर पुढे आला. तीन बोटांच्या पंज्यासारखा आणि सांध्याविना असलेला हा नांगर कोठेही चटकन बसतो, मात्र त्याच वजनाच्या इतर नांगरांइतका खोल धरत नाही.

अलीकडच्या तीस वर्षांत फ्रान्स, जर्मनी व न्यूझीलंड येथील रचनाकारांनी नांगराचा फाळ बहिर्वक्र न ठेवता अंतर्वक्र, म्हणजे फावड्याच्या खोलगट पात्यासारखा केला. टोक धारदार आणि जड ठेवले. काहींनी पाठीवर गोल कमान बसविली, तिच्यामुळे नांगर उलटा पडला तरी आपोआप सुलटा होतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर जुना नांगर माती दोहों बाजूंना सारतो, नवा माती धरून ठेवतो. नौकेच्या नांगराला माती सारून उपयोग काय? टेलर यांच्या कल्पनेतली ही उणीव लक्षात येण्यास पाऊण शतक जावे लागले, याचे आश्चर्य वाटते. आज नवी नौका घेणाऱ्याने मुख्य नांगर याच खोलगट जातीचा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोकणचा तळ आणि कोकणचा वारा

परदेशी चाचण्यांचे आकडे वाचून नांगर निवडताना एक गोष्ट विसरू नये. त्या चाचण्या बहुधा घट्ट रेतीत घेतलेल्या असतात. मुंबई बंदर आणि कोकणातील बहुतेक खाड्या यांचा तळ गाळाचा आहे. सड्याच्या कडेला, भूशिरांच्या पायथ्याशी खडक लागतो. मालवणकडे स्वच्छ रेती सापडते, पण तिच्या शेजारी खडक व प्रवाळही आहेत. मालवणचा सागरी परिसर १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथे प्रवाळावर नांगर टाकणे म्हणजे शेकडो वर्षांच्या वाढीवर फाळ फिरविणे होय, आणि त्याबाबत किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी पर्यटक-नौकांच्या चालकांना आवर्जून समज द्यावयास हवी.

मऊ गाळात लहान पाते निरुपयोगी ठरते, रुंद पाते हवे. डॅनफोर्थ जातीच्या काही आधुनिक नांगरांत पात्याचा कोन बदलण्याची सोय असते. रेतीसाठी तो सुमारे ३२ अंश आणि चिखलासाठी सुमारे ४५ अंश ठेवतात. गाळात नांगर टाकल्यावर लगेच जोराने ओढ देऊ नये. काही वेळ त्याला आपल्या वजनाने खाली बसू द्यावे, मग हळूहळू ओढ वाढवीत न्यावी.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. खाडीच्या मुखाशी दर सहा तासांनी भरती-ओहोटीचा प्रवाहही उलटतो. म्हणजे नौकेची दिशा दिवसातून अनेकदा पूर्ण फिरते आणि नांगराला पाठीमागून ओढ बसते. चपट्या पात्यांचा नांगर अशा वेळी उखडला आणि त्याच्या सांध्यात शिंपला किंवा दगड अडकला, तर तो पुन्हा रुतत नाही, तळावरून नुसता घसरत जातो. म्हणून कोकणात डॅनफोर्थ दुसरा नांगर म्हणून अवश्य ठेवावा, पण रात्रीचा एकमेव आधार म्हणून नव्हे. नांगर उखडणार नाही यापेक्षा उखडला तर आपोआप पुन्हा धरेल काय, ही कसोटी येथे अधिक महत्त्वाची आहे.

साखळी किती सोडावी

उत्तम नांगरही तोकड्या साखळीने वाया जातो. ओढ जितकी आडवी तितका फाळ खोल शिरतो आणि ओढ वरच्या दिशेने आली की तोच फाळ उपटला जातो. बैलांचे जू फार उंच बांधले तर शेतात हेच घडते. यासाठी पूर्ण साखळी असल्यास पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट आणि थोडी साखळी व पुढे नायलॉनचा दोर असल्यास सातपट लांबी सोडण्याचा नियम आहे. खोली मोजताना नौकेच्या तोंडाची पाण्यावरील उंची त्यात मिळवावी लागते, आणि येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो.

उदाहरण घेऊ. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी ओहोटीच्या वेळी एका नौकेने चार मीटर पाण्यात नांगर टाकला. तोंडाची उंची एक मीटर. पाच मीटरांच्या पाचपट म्हणून २५ मीटर साखळी सोडून माणसे झोपी गेली. उधाणाची भरती चार मीटर धरली तर मध्यरात्री तीच उंची नऊ मीटर होते. आता २५ मीटर साखळी तिपटीलाही पुरत नाही. पाचपट राखावयाची तर ४५ मीटर हवी होती. दक्षिण कोकणात भरतीचा चढउतार कमी असतो आणि भांगाच्या भरतीत तो आणखी कमी होतो, परंतु हिशेब नेहमी येणाऱ्या भरतीचा करावा, समोर दिसणाऱ्या पाण्याचा करू नये.

दहा मिलिमीटर जाडीच्या साखळीचे वजन दर मीटरला सुमारे सव्वादोन किलो भरते. ४५ मीटर साखळी म्हणजे नौकेच्या तोंडाशी शंभर किलोंचा भार. लहान नौकेला तो पेलत नाही म्हणून दोराची जोड देतात. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे लाटांचे हिसके नांगरापर्यंत पोचत नाहीत, हा त्याचा गुण. खडकावर घासून तो तुटतो, हा दोष. पूर्ण साखळीच्या नौकेवरही साखळीला एक नायलॉनचा आखूड दोर बांधून त्यावर ताण घ्यावा.

नांगर धरला की नाही हे ठरविण्याची रीत सोपी आहे. साखळी सोडून झाल्यावर इंजिन उलट्या दिशेने हळूहळू जोर वाढवीत चालवावे आणि किनाऱ्यावरील एकापाठोपाठ एक दिसणाऱ्या दोन खुणांवर, उदाहरणार्थ देवळाचा कळस व त्यामागचा माड यांवर, नजर ठेवावी. खुणा एका रेषेत राहिल्या तर नांगर धरला. साखळीवर हात ठेवला असता धडधड जाणवली तर तो घसरतो आहे असे समजून पुन्हा टाकावा. आता मोबाइलवरही नौका सरकल्याचा इशारा मिळू शकतो. तो जरूर घ्यावा, पण खुणा पाहणे सोडू नये.

पोलाद, जोड आणि निविदा

नांगराचा आकार नकलता येतो. पोलाद नकलता येत नाही. नौका वळते तेव्हा दांड्यावर आडवा ताण येतो आणि साधे पोलाद असल्यास दांडा वाकतो. न्यूझीलंडमध्ये रचलेल्या एका नामांकित नांगराचे उत्पादन चीनमध्ये गेल्यावर, त्याच्या काही मालात दांड्याचे पोलाद जाहीर केल्यापेक्षा हलक्या प्रतीचे वापरले गेल्याचे २०११ च्या सुमारास उघडकीस आले होते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन नांगरांत काहीच फरक दिसत नव्हता. पिंपरी-चिंचवड, चाकण भागातील ज्या कारखानदारांना वाहन उद्योगासाठी प्रत्येक नगाच्या पोलादाचा दाखला सांभाळण्याची सवय आहे, त्यांना यातले मर्म लगेच कळेल. भंगारातील पट्टी तापवून, वाकवून, जोडून केलेला नांगर स्वस्त पडतो, परंतु ती पट्टी कोणत्या प्रतीची होती हे जोडणारालाही माहीत नसते.

आता थोडे आपल्या कार्यालयांविषयी. गस्तीची होडी, जलक्रीडा केंद्राची नौका किंवा शोध व बचावाचे साहित्य यांसाठी शासकीय व निमशासकीय संस्था नांगर खरेदी करतात. मागणीपत्रात ‘लोखंडी नांगर, वजन २० किलो, साखळीसह’ एवढेच लिहिले, तर ई-निविदेत सर्वांत कमी दराने जो येईल तो लोखंडाचा वीस किलोंचा कोणताही आकार असू शकेल, आणि नियमाप्रमाणे तो नाकारताही येणार नाही. मागणीपत्रात नांगराची जात, दांड्याच्या पोलादाची किमान ताकद आणि त्याचा दाखला, तप्त जस्तलेपन, तसेच साखळीची जाडी, प्रत व कड्यांचे माप यांचा उल्लेख असावा. जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या संस्थांनी नांगरांच्या दोन वरच्या श्रेणी ठरविल्या आहेत. तेवढ्याच वजनाच्या साध्या नांगराच्या किमान दुप्पट पकड असलेला एका श्रेणीत आणि किमान चौपट पकड असलेला त्याच्या वरच्या श्रेणीत बसतो. आपल्याकडे मुंबईत १९७५ पासून इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही अशी संस्था कार्यरत आहे. खरेदी मोठी असेल तर श्रेणीचा दाखला मागणे अवघड नाही.

नांगर, साखळी व त्यांना जोडणारी कडी यांपैकी सर्वांत दुर्लक्षित वस्तू कडी. ती साखळीपेक्षा कमी ताकदीची असू नये आणि तिचा आटा तारेने पक्का बांधलेला असावा. सततच्या हालचालीने न बांधलेला आटा सुटतो आणि मग नांगर तळात उत्तम रुतलेला असतो, नौका मात्र मोकळी होते. फिरकी बसवावयाची असल्यास ती थेट दांड्याला लावू नये. आडव्या ताणाने ती तुटते. गंज न चढणाऱ्या पोलादाचे चकचकीत नांगर बाजारात मिळतात. किमतीने ते कैकपट अधिक असतात, पकडीने नव्हे.

खडकाळ जागी नांगर टाकताना त्याच्या मागच्या बाजूला एक वेगळा दोर बांधून त्याला तरंगता डबा लावावा. अडकलेला नांगर त्या दोराने उलटा ओढून सोडविता येतो. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात नौका ओढून वर घेतल्या जातात, तेव्हा साखळी पूर्ण बाहेर पसरून कडी न् कडी तपासावी. जस्त उडून तांबूस झालेला भाग, झिजून पातळ झालेली कडी, वाकलेला दांडा यांची नोंद करावी. साखळी उलटी फिरवून वापरलेले टोक आत आणि न वापरलेले टोक नांगराकडे घेतले, तर तिचे आयुष्य वाढते. दर पाच व दहा मीटरांवर रंगाच्या खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे अंधारात किती साखळी सोडली हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.